तिथीला पाऊणनं गुणा आणि नागावला चला!

"मामा, दिवाळीच्या सुटीत मला डायव्हिंग करायचंय. समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायचेत!"

सातवीतल्या माझ्या भाचीनं फोनवरच जाहीर करून टाकलं. तिच्यामागून चौथीतल्या धाकट्याचा आवाज आला, "आणि मला बनाना राइड! आणि किल्ला! आणि दिवसभर समुद्र!" सगळ्यांत शेवटी ताई बोलली, "कुठं जायचं तिथं जा, पण या वेळी जरा ठरवून जा रे. मागच्यासारखं नको."

मागच्या वेळचं काय, ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही असेच उठलो आणि नागावला गेलो. दुपारी पोचलो, जेवलो, ताणून दिली आणि पाच वाजता समुद्रावर. ऊन उतरलेलं, वारा छान, सगळा किनारा माणसांनी फुललेला. धाकटा गुडघाभर पाण्यात नाचत होता आणि मी वीस पावलांवर भेळ खात उभा होतो. लाट परत जाताना त्याच्या पायाखालची वाळू ओढून नेत होती. दर लाटेला तो दोन पावलं आत सरकत होता. त्याला वाटत होतं आपण जागेवरच आहोत, आणि मलाही तसंच वाटत होतं! जाळं गुंडाळत बसलेला गावातला एक माणूस एकदम ओरडला, "अहो, पोराला बाहेर घ्या! पाणी ओढतंय!" भेळ टाकून मी धावलो. दंड धरला तेव्हा पाणी त्याच्या छातीला लागलं होतं.

काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. तो माणूस जाताना एवढंच म्हणाला होता, "समुद्र वाईट नाही हो. पण त्याची वेळ बघून यावं."

घरी आल्यावर मी पंचांग उघडलं. त्या दिवशी पंचमी होती. म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण झालेली, आणि पाच वाजता समुद्र चांगलाच मागे निघालेला. आम्ही नेमके चुकीच्या वेळी पाण्यात उतरलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, पंचमीवरून पावणेचार कसं कळलं? तीच तर गंमत आहे!

पाऊणकीचं गणित

कोकणच्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणनं गुणायचं. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पाच पाऊणे पावणेचार, म्हणून पंचमीची भरती पावणेचारला. आठ पाऊणे सहा, म्हणून अष्टमीची भरती सहाला. एकदा पहाटे आणि एकदा संध्याकाळी, दोन्ही वेळा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. तुमच्या आजी-आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असेल, तर त्यांना विचारा. ते तोंडीच सांगतील.

भाचीला हे फोनवर सांगितलं, तर तिनं लगेच शंका काढली. "मामा, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पण आमच्या सरांनी सांगितलंय, पौर्णिमेला मुंबईत भरती बाराच्या सुमारास येते. मग पाऊण तास कुठं गेला?"

शंका अगदी बरोबर होती. चंद्र रोज आधीच्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, आणि भरती चंद्राच्या मागे चालते. तिथ्या मोजून हिशेब केला, तर एका तिथीला ४८ मिनिटं येतात. तोंडी हिशेब सोपा जावा म्हणून जुन्या लोकांनी ४८ ची ४५ केली. एका तिथीला तीन मिनिटं सुटली, तर पंधरा तिथींत किती? पाऊण तास! हरवलेला पाऊण तास सापडला.

म्हणजे हा हिशेब अंदाजाचा आहे. शिवाय उधाणाच्या दिवसांत भरती रोज थोडी कमी उशिरा येते आणि भांगाच्या दिवसांत जास्त उशिरा. म्हणून बेत आखायला पाऊणकी वापरावी, पण प्रत्यक्ष पाण्यात उतरण्याआधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात किंवा वर्तमानपत्रात नेमकी वेळ पाहावी. आणि किनाऱ्यावरच्या माणसांना विचारावंच.

नागावला डायव्हिंग का नाही?

आता राहिला डायव्हिंगचा प्रश्न. भाचीनं टीव्हीवर अंदमान आणि लक्षद्वीप पाहिलं होतं. निळं पाणी, रंगीत प्रवाळ, त्यातून पोहणारे मासे. तसं नागावला दिसेल का?

मी म्हटलं, "येताना काचेची एक बाटली घेऊन ये. उत्तर तिथंच मिळेल."

भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. त्या दिवशी ताईकडे जेवलो, ओवाळणी घातली आणि रात्री तिघं कागद घेऊन बसलो. पुढचे तीन दिवस तृतीया, चतुर्थी, पंचमी. भाचीनं पाऊणकीनं आकडे मांडले. तृतीयेची भरती सव्वादोनला, चतुर्थीची तीनला, पंचमीची पावणेचारला. तिन्ही दिवस सकाळी ओहोटी, मग दुपारपर्यंत चढतं पाणी आणि संध्याकाळी उतरतं.

मग आमचा नियम ठरला. समुद्रात जायचं ते पाणी चढत असताना, सकाळी उशिरा ते दुपारपर्यंत. तेही कमरेच्या वर नाही, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. भरती पूर्ण व्हायच्या आत बाहेर. संध्याकाळी समुद्र फक्त बघायचा.

"मग संध्याकाळी करायचं काय?" धाकट्यानं तोंड वाकडं केलं.

हाच खरा प्रश्न होता. रिकामा वेळ असला, की पाय आपोआप पाण्याकडे वळतात. म्हणून त्या वेळेला दुसरं काहीतरी तितकंच मजेचं हवं. आम्ही कागदाच्या एका बाजूला 'पाणी' लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला 'जमीन', आणि दोन्ही बाजू भरल्या.

पहिला दिवस : वाळू आणि विहीर

सकाळी गेटवेहून लाँचनं निघालो. तासाभरात मांडवा. तिथून बसनं अलिबाग आणि अलिबागहून रिक्षानं नागाव. अलिबागपासून नागाव आठ-नऊ किलोमीटर. रस्ता लहान आणि दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या. वाडीतल्या घरात आमचा मुक्काम होता. काकूंनी हातावर गूळ-खोबरं ठेवलं आणि विचारलं, "आधी जेवण की आधी समुद्र?"

घड्याळात बारा वाजत होते. पाणी चढत होतं. आधी समुद्र!

सुरूच्या बनातून वाट काढत किनाऱ्यावर गेलो. तासभर मनसोक्त डुंबलो. बाहेर येताना भाचीनं बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं दिसत होतं. बाटली पडवीतल्या खिडकीत ठेवून दिली.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सोलकढी. नंतर चार वाजता काकांनी हाक मारली, "चला, तुमचं डायव्हिंग सुरू!"

वाडीच्या मधोमध मोठी विहीर होती. पूर्वी अशा विहिरींवर रहाट असायचे, आणि पाटानं सगळ्या वाडीचं शिंपण व्हायचं. गावातली कितीतरी मुलं अशाच विहिरीत पोहायला शिकली. दोघांना पोहणं येत होतं, पण तरणतलावातलं. इथं तळ दिसत नाही, कडेला धरायला दांडा नाही. काका आधी स्वतः उतरले आणि मगच यांना घेतलं. धाकट्याच्या पाठीला रिकामा डबा बांधला. भाची पायरीवरून पाच वेळा वाकली आणि पाचही वेळा मागे आली. सहाव्यांदा तिनं सूर मारला. वर आली ती कान धरूनच.

"मामा, खाली गेल्यावर कान दुखला!"

घरापासून इतक्या जवळ डायव्हिंगचा पहिला धडा मिळाला. पाण्याला वजन असतं. समुद्रात दहा मीटर खाली गेलं, की अंगावरचा दाब दुप्पट होतो. कानाच्या पडद्याला तो दोन-तीन मीटरवरच कळायला लागतो. डायव्हर लोक खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकतात, म्हणजे कानाच्या आतला दाब बाहेरच्या एवढा होतो. जोरात फुंकायचं नाही, आणि दुखलं तर आणखी खाली जायचं नाही.

धाकट्यानं लगेच पैज काढली, "पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतं बघू!" काकांनी त्याला तिथल्या तिथं थांबवलं. ही पैज कधीही लावू नका, बालमित्रांनो. श्वास कोंडून धरणारा माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो, तेव्हा ना हातपाय मारतो ना ओरडतो. वरच्यांना वाटतं, हा जिंकतोय!

संध्याकाळी पाणी बरंच मागे गेलं होतं. ओल्या वाळूवर इवल्या खेकड्यांनी गोळ्या-गोळ्यांची नक्षी काढली होती. ते वाळू तोंडाशी नेतात, तिच्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. धाकटा तासभर उकिडवा बसून होता. समुद्रात जायचं त्याला आठवलंही नाही.

दुसरा दिवस : ओहोटीतून किल्ल्यावर

सकाळी उठल्या-उठल्या भाची खिडकीकडे धावली. बाटलीतलं पाणी वर जवळजवळ नितळ झालं होतं आणि तळाशी मऊ गाळाचा थर बसला होता.

हेच ते उत्तर! रायगडच्या या किनाऱ्याला धरमतर, कुंडलिका अशा खाड्या मिळतात. नद्या डोंगरातली माती आणतात आणि भरती-ओहोटी ती ढवळत ठेवते. या पाण्यात हातभर खालचंही दिसत नाही, मग मासे कुठून दिसणार? लक्षद्वीपच्या बेटांवर नदीच नाही, म्हणून गाळही नाही. पाणी नितळ, आणि ऊन खोलवर पोचतं. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म वनस्पती राहतात, त्यांना ऊन लागतं. म्हणून प्रवाळ तिथं वाढतात. आपल्या महाराष्ट्रात असं पाणी पाहायचं, तर मालवणला जायला हवं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. १९८७ साली तिथं सागरी अभयारण्य जाहीर झालं. जवळच तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण देणारं सरकारी केंद्रही आहे.

भाचीचं तोंड जरा उतरलं. काकू म्हणाल्या, "अगं, हा गाळ वाईट नव्हे हो. याच्यावरच तर मासळी पोसते." तेही खरंच. आपल्याला मासे दिसत नसले, तरी माशांना हे गढूळ पाणीच मानवतं.

साडेसातला अलिबागकडे निघालो. ओहोटी नऊच्या सुमारास होती. कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर भर समुद्रात आहे. भरतीला तिथं होडीनं जावं लागतं, ओहोटीला पायी जाता येतं. उधाण नुकतंच होऊन गेल्यानं पाणी खूप मागे हटलं होतं. चपला हातात घेऊन, घोट्याएवढ्या पाण्यातून चालत आम्ही दरवाजापाशी पोचलो.

शिवाजी महाराजांच्या काळात, १६८० साली या किल्ल्याचं बांधकाम सुरू झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांचं आरमार याच किनाऱ्यावर नांदलं. तटाचे दगड नीट बघा. प्रचंड चिरे नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटली, की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. आत रघूजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. चारी बाजूंना खारं पाणी असूनही किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे! तटावर गाड्यांवर चढवलेल्या दोन तोफा आहेत. त्यांच्यावरचं १८४९ हे साल धाकट्यानं शोधून काढलं.

तोफेपाशी तो इतका रमला, की हलेना. पण भाचीनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "नऊ वाजून गेले. पाणी वळलं असेल. चला." मी काही बोलण्याआधीच ती निघाली होती. अर्ध्या वाटेवर मागे वळून पाहिलं, तर येताना कोरडी असलेली एक जागा ओली झाली होती. किल्ल्यात रेंगाळलेली माणसं भरतीत अडकतात, ती अशी. पाणी धावत येत नाही. मागच्या बाजूनं, गुपचूप येतं.

अकराला नागावच्या समुद्रात डुंबलो. भाचीनं भिजण्याआधी वाळूत एक काठी रोवली, आणि जेवून आल्यावर परत येऊन बघत बसली. पावणेतीनच्या सुमारास पाणी पुढं यायचं थांबलं. पाऊणकीनं तीन म्हटलं होतं. जुन्या लोकांचा हिशेब पंधरा मिनिटांत उतरला! चारला पुन्हा विहीर. या वेळी भाचीनं पहिल्याच फटक्यात सूर मारला आणि धाकट्यानं डबा सोडून विहिरीची एक फेरी पुरी केली.

तिसरा दिवस : एक हजार वर्षांपूर्वीचा दगड

पंचमीला सकाळी सातला चालत अक्षीला गेलो. उत्तरेला लागूनच आहे, लोक 'अक्षी-नागाव' असं एका दमातच म्हणतात. ओहोटीनं उघड्या पडलेल्या वाळूत पक्ष्यांची पंगत बसली होती. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे कुरव आणि चिखलात चोच खुपसणारे छोटे पाणपक्षी. ओहोटी ही त्यांची जेवणाची वेळ. म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाळणारे आम्हीच एकटे नव्हतो.

अक्षी गावात एक शिलालेख आहे. त्यावर शके ९३४ कोरलंय. शकात ७८ मिळवले, की इसवी सन मिळतो. भाचीनं लगेच सांगितलं, "१०१२!" शिलाहार राजा केसीदेवाच्या काळातला हा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जातो. वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र कोरले आहेत. सूर्य-चंद्र असेपर्यंत हे दान टिको, असा त्यांचा अर्थ. आम्ही तीन दिवस ज्यांच्या तालावर चालत होतो, ते दोघं त्या दगडावरही होते. कारण भरती आणतो तो चंद्र, आणि अमावास्या-पौर्णिमेला त्याला साथ देऊन उधाण आणतो तो सूर्य!

अकरा वाजता पाणी चढायला लागलं आणि बनाना राइडची वेळ झाली. लाइफ जॅकेटचे पट्टे मी स्वतः ओढून पाहिले. शेवटी गंमत म्हणून राइडवाला सगळ्यांना पाण्यात पाडतो, तेव्हा ते जॅकेट घट्ट असायला हवं. पावसाळ्यात हे खेळ बंद असतात, आणि ते बरंच आहे.

रेवदंडा, कोर्लई आणि खांदेरी राहूनच गेलं. खांदेरीला थळहून होडीनं जावं लागतं, अर्धा दिवस जातो. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात खांदेरीही आहे. धाकटा हट्टाला पेटला होता. पण सगळं एकाच सुटीत कोंबलं, की माणूस दमतो, वेळा चुकतात आणि मग पाण्यात चुका होतात. थोडं पुढच्या खेपेला ठेवावं.

परतीच्या लाँचवर

लाँचवर भाचीनं वही काढली आणि मालवणचा बेत लिहायला घेतला. मला वाटलं, पहिल्या ओळीत डायव्हिंग असेल. पण तिनं पुन्हा मधोमध रेघ मारून 'पाणी' आणि 'जमीन' असे दोन रकाने केले होते.

मी तिला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, शिकाऊ माणसाची एक डुबकी अर्ध्या-पाऊण तासाची. दिवसाचे बाकीचे तास जमिनीवरच जायचे असतात, मग ते बेट अंदमानातलं असो की लक्षद्वीपमधलं. दुसरी म्हणजे, दाबाखाली श्वास घेतला, की अंगात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू निघून जावा म्हणून डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसत नाहीत, चांगले १८ तास थांबतात. म्हणून विमानानं परतायचं असेल, तर सुटीचा शेवटचा दिवस कोरडाच ठेवायचा.

तिनं शेवटच्या दिवसापुढं लिहिलं, 'फक्त किल्ला.' आणि धाकट्यानं मान वर करून विचारलं, "मामा, आपण मालवणला जाऊ तेव्हा तिथी कुठली असेल?"

दोन वर्षांपूर्वी ज्याचा दंड धरून मी बाहेर ओढला होता, तो हे विचारत होता! ताईला सांगायला माझ्याजवळ याहून चांगली बातमी नव्हती.

आता एक कोडं तुमच्यासाठी. समजा, तुमच्या वर्गातली मुलं नवमीला नागावला निघाली आहेत. संध्याकाळी पाचला समुद्रात डुंबायचं आणि सकाळी नऊला कुलाबा किल्ल्यावर पायी जायचं, असा त्यांचा बेत आहे. नवमीची भरती किती वाजता? ओहोटी किती वाजता? आणि अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार मागे हटत नाही. मग त्यांच्या बेतातलं काय जमेल आणि काय बदलायला हवं? आई-बाबांना बरोबर घेऊन सोडवा. आणि हो, सुटीचा बेत आखताना आधी पंचांग उघडा, मगच बॅग भरा!